अर्थिंग

सूरला, खाडीच्या वरच्या अंगाला माझी खोली.
गच्चीवर पाण्याच्या सहा टाक्या,
चौथीच्या कडीपासून कठड्यापर्यंत
दहा मीटर तांब्याची तार.
कुरियनला ती कपड्यांची वाटली.
दोन दिवस त्याच्या बनियनी
चौदा मेगाहर्ट्झवर वाळल्या.

ट्रान्सीव्हर घरमालकांचा, नासिर बिन खमीस यांचा.
तीस वर्षं बंदरावर टेलिप्रिंटरशेजारी बसलेला माणूस,
अजून वाक्य संपलं की मान
उजवीकडून डावीकडे आणतो
आणि मग पुढची ओळ सुरू करतो.

लॅपटॉप माझा. मधली वायर मीच केली:
इकडे हेडफोनची पिन, तिकडे माइकची,
शुक्रवारची दुपार, सोल्डरचा धूर,
एसी बंद, कारण एसीसुद्धा रेडिओत बोलतो.
जोडलं, आणि गुणगुण सुरू.
जाडसर, पन्नास हर्ट्झची.
मी प्लांटवर खाऱ्याचं गोडं करणाऱ्या यंत्रांचे काटे बघतो,
मला ती लगेच ओळखू आली.
लॅपटॉपचं अर्थिंग भिंतीतून आलेलं,
रेडिओचं गच्चीवरून, पाइपाला धरून.
दोन ठिकाणचा अर्थ एकाच तारेनं बांधला
की तार घुमत राहते.
हे मला डिप्लोमाला शिकवलं होतं.
एकवीस वर्षं इथे काढून पुन्हा शिकायची
तशी गरज नव्हती.

तरी बटण दाबलं.
पडदा गोठला, माउस मेला,
रेडिओ मात्र एकच सूर धरून बसला.
सूरमधून सूर, एरवी हसलो असतो,
पण तेव्हा मी कुठल्या कुठल्या देशांतल्या
अनोळखी माणसांच्या बोलण्यावर
पाय देऊन उभा होतो.
प्लगच उपटला.

नासिर जिना चढून आले, धापा टाकत,
हातात मेलेला मोडेम.
पोट फाडून त्यातून काढला
खजुराएवढा ट्रान्सफॉर्मर:
दोन वेटोळी, केसासारखी तार,
एकमेकांना न शिवणारी.
"मिलाओ मत," म्हणाले, "पास रखो बस."
मान डावीकडे. पुढची ओळ:
"आवाज अपने आप जाएगा."

गेला.
एकवीसशे पंचवीस, बावीसशे पंच्याण्णव,
मधे एकशे सत्तरची फट,
त्या फटीत हेलकावणारं माझं नाव,
पाच-पाच ठोक्यांचं एक अक्षर,
सेकंदाला जेमतेम सहा.
आरवायआरवायआरवाय,
मग गाव, मग थांबून ऐकणं.
वायरवर तीन फेराइटच्या बांगड्या चढवलेल्या,
पडदा या खेपेला जागा राहिला.

उत्तर आलं कारागांडाहून. कुणी येर्लान.
तिकडे बर्फ आहे म्हणाला, आणि मग तीन अक्षरं:
टी ओ ओ.
मी शब्द शोधू लागलो.
नासिर डोळे मिटून बसले होते.
"पाच नऊ नऊ," म्हणाले. "खणखणीत पोचतोयस तू.
आकड्यांची कळ वाटेत कुठेतरी पडली,
म्हणून अक्षरं दिसतात.
कीबोर्ड बघ. टीच्या डोक्यावर पाच. ओच्या डोक्यावर नऊ."

बघितलं. होतं तसंच.
वर्षानुवर्षं बोटाखाली होतं.

रात्री नेहमीसारखे घरी पैसे पाठवले.
एकशे नव्वद रियाल.
पोचले, एवढंच शालनचं उत्तर, दर महिन्याचं.
आमच्यात उलटं झालंय:
अक्षरांची कळ पडली, कधी ते आठवत नाही,
आता आकडेच जातात, आकडेच पोचतात.
मोबाइल ठेवून लॅपटॉपपाशी आलो,
आकड्यांच्या खालची ओळ वाचून पाहिली.
एकच्या खाली क्यू. नऊच्या ओ. शून्याच्या पी.

अर्थ लागत नाही.

पुन्हा एकदा वाचलं.
मग मोबाइल उचलला, आणि तिकडे पाऊण वाजला असेल
हे माहीत असून
टाइप केलं: जागी आहेस?